शाळेत मुलाला औषध द्यायचंय? मग कागद बदलीवरच्या सरांसाठी लिहा

जूनमध्ये शाळा भरली की पहिल्याच आठवड्यात एखादी आई वर्गाच्या दाराशी येऊन उभी राहते. हातात औषधाची बाटली असते. "बाई, जेवल्यावर एवढं एक चमचा पाजाल का?" सांगली जिल्ह्यातल्या प्राथमिक शाळांत मी अठ्ठावीस वर्षं शिकवलं, आणि या प्रश्नाला बहुतेक वेळा हो म्हटलं. सुरुवातीची काही वर्षं तर काहीही न विचारता म्हटलं.

त्यातलं एक हो अंगाशी आलं. दुसरीतली मुलगी होती, सर्दीचं औषध चालू होतं. बाटली मी टेबलाच्या खणात ठेवली आणि थोड्या वेळात निरोप आला, प्रशिक्षणाला निघा. जाताजाता शेजारच्या वर्गाच्या सरांना सांगितलं, "तिला जेवण झालं की एक चमचा द्या." सरांनी दिलं. चमचा खिचडी वाढायला आणलेल्यांतला, चांगला मोठा. पोरगी दुपारी सतरंजीवर झोपली ती शाळा सुटेपर्यंत उठेना. डॉक्टरांकडे नेलं. गुंगी आणणारं औषध जास्त गेलं होतं, बाकी काही नाही, संध्याकाळपर्यंत ती खेळायला लागली. तिची आई मला रागावली नाही. म्हणाली, "बाई, आम्ही चमचा म्हणतो, पण घरी देतो ते टोपणानंच."

सरांची चूक नव्हती. मला तरी टोपणाचं कुठे माहीत होतं? तेव्हापासून मी प्रत्येक पालकाला एकच गोष्ट सांगत आले. शाळेला द्यायचा संमतीचा कागद ओळखीच्या बाईंसाठी लिहू नका. ज्यांनी तुमचं मूल आजवर पाहिलेलंही नाही, अशा कालच बदलून आलेल्या सरांसाठी लिहा. वर्गशिक्षक रजेवर जातात, निवडणुकीच्या कामाला जातात, जनगणनेला जातात. कागद कपाटातच राहतो.

मुलाला पहिल्यांदा शाळेत घालणाऱ्या किंवा बदलीमुळे सांगली-साताऱ्याकडे नव्याने आलेल्या पालकांसाठी हे सगळं क्रमाने सांगते.

आधी बघा, शाळेत औषध लागतंच का?

डॉक्टर "दिवसातून तीनदा" लिहितात आणि आपण लगेच सकाळ, दुपार, संध्याकाळ असं धरून चालतो. मग दुपारचा डोस शाळेच्या गळ्यात येतो. खरं तर तपासणीच्या वेळीच डॉक्टरांना विचारावं, "मूल शाळेत असतं, दोनदा देता येईल असं काही आहे का?" बऱ्याच औषधांना तसा पर्याय असतो. नसला तरी कित्येकदा शाळेला निघताना, घरी आल्याबरोबर आणि झोपताना असे तीन डोस बसवता येतात. बसतील की नाही हे डॉक्टरांनीच सांगायचं, पण विचारायचं आपण.

इथल्या शाळांच्या वेळाही लक्षात घ्या. रोज साडेदहा-अकरा ते पाच भरणारी शाळा शनिवारी सकाळची असते. ऊन तापलं की बरेच ठिकाणी रोजचीच सकाळची होते. म्हणजे फेब्रुवारीत "मधल्या सुट्टीत द्या" असं लिहिलेलं औषध एप्रिलमध्ये सकाळी नऊलाच पोटात जाऊ शकतं. म्हणून कागदावर घड्याळाची वेळ लिहायची, आणि आधीच्या डोसापासून कमीत कमी किती तासांचं अंतर हवं तेही.

तापाबद्दल मला स्पष्टच बोलू द्या. पॅरासिटामॉल पाजून, ताप उतरवून मुलाला शाळेत पाठवायचं आणि "चढला तर पुन्हा द्या" म्हणून बाटली सोबत द्यायची, हे करू नका. दुपारी ताप चढतोच, वर्गातल्या आणखी चौघांना होतो, आणि सकाळी घरी डोस किती वाजता दिला हे शिक्षकांना ठाऊक नसतं. दोन डोसांत चार ते सहा तासांचं अंतर लागतं, चोवीस तासांत चारपेक्षा जास्त डोस नाहीत. आई कामावर जाते, घरी कोणी नाही, हे मला कळतं. द्राक्षबागेतली रोजची हजेरी बुडवणं सोपं नसतं. तरीही तापातल्या पोराची जागा वर्गात नाही.

सही कोणाची

अठरा वर्षांखालचं मूल कायद्याने अज्ञान. त्याच्या औषधपाण्याला संमती द्यायची ती आईने, वडिलांनी किंवा कायदेशीर पालकाने. मोठी बहीण, रिक्षावाले काका, शिकवणीच्या ताई यांची सही चालवू नये, शाळेनेही मागू नये.

आपल्याकडे यात एक अडचण फार वेळा येते. खानापूर, आटपाडी, तासगावकडची कितीतरी कुटुंबं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या, धंद्यासाठी देशभर पांगलेली आहेत. आईवडील कोइमतूरला किंवा कोलकात्याला, पोरं गावी आजी-आजोबांकडे. पाटण-जावळीत तेच, फक्त वडील मुंबईत माथाडी कामाला. अशा घरांत मुलाला काय होतं, काय चालत नाही हे सगळं आजीला माहीत असतं, पण कागदोपत्री आजी कोणीच नसते. यावर उपाय साधा आहे. आईवडील जूनमध्ये किंवा गणपतीत गावी येतात तेव्हाच त्यांनी मुख्याध्यापकांच्या नावाने एक पत्र लिहून ठेवावं: आमच्या गैरहजेरीत मुलाच्या औषधाबद्दल आणि दवाखान्यात नेण्याबद्दल अमुक आजी किंवा आजोबांशी बोलावं, त्यांचा निर्णय आम्हाला मान्य आहे. खाली दोघांच्या सह्या, दोघांचे फोन नंबर, आजीचाही नंबर. आजीचा अंगठा असेल तर अंगठा, त्याशेजारी तिचं नाव आणि एका साक्षीदाराची सही.

परगावाहून आलेल्यांसाठी आणखी एक सूचना. तिकडच्या कंपनीचं औषध इथल्या मेडिकलमध्ये मिळेलच असं नाही. तेव्हा ब्रँडच्या नावाखाली बारीक अक्षरात छापलेलं मूळ औषधाचं नावही कागदावर उतरवा. नाव ओळखता येत नसेल तर मेडिकलवाल्याला विचारा, तो सांगतो.

आईवडील वेगळे राहत असतील तर मूल कोणाच्या ताब्यात आहे हे शाळेला आधी सांगावं. कोर्टाचा आदेश असेल तर त्याची झेरॉक्स द्यावी. कारणं सांगत बसायची गरज नाही.

कागदात काय लिहायचं

काही इंग्रजी माध्यमाच्या शाळांत छापील फॉर्म मिळतो. जिल्हा परिषदेच्या शाळेत बहुधा साधा अर्जच चालतो. मी पालकांना जो मजकूर सांगत असे तो असा:

प्रति,
मा. मुख्याध्यापक,
(शाळेचे नाव व गाव)

विषय: शाळेच्या वेळेत माझ्या मुलीस औषध देण्यास संमती.

महोदय,
माझी मुलगी (पूर्ण नाव), इयत्ता तिसरी, हिला (आजार) आहे. वजन २२ किलो. डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत सोबत जोडली आहे.
औषध: (ब्रँडचे नाव व मूळ औषधाचे नाव), ५ मिलीमध्ये ____ मिग्रॅ.
मात्रा: ____ मिली, बाटलीसोबतच्या टोपणाने. घरातला चमचा वापरू नये.
वेळ: दुपारी १.३० वाजता, जेवणानंतर. आधीचा डोस घरी सकाळी ____ वाजता दिलेला असतो.
कालावधी: दि. ____ ते दि. ____. त्यानंतर देऊ नये.
डोस चुकल्यास: देऊ नये, मला फोन करावा.
औषधाने झोप येणे, मळमळणे असे होऊ शकते. अंगावर पित्त उठले, ओठ किंवा चेहरा सुजला, श्वास लागला तर औषध थांबवून लगेच १०८ ला व मला फोन करावा.
तिला ____ हे औषध चालत नाही.
वरीलप्रमाणे औषध देण्यास माझी संमती आहे. औषध बदलल्यास मी नवीन अर्ज देईन.

आपली विश्वासू,
(सही, नाव, दोन फोन नंबर, तारीख)

यातल्या तीन ओळी लोक हमखास गाळतात. पहिली, ५ मिलीमध्ये किती मिलिग्रॅम. पॅरासिटामॉलचं सिरप ५ मिलीला १२५ मिलिग्रॅमचं मिळतं आणि २५० चंही. बाटल्या सारख्या दिसतात, नावही तेच, औषध मात्र दुप्पट. जुनी बाटली संपली, नवी आणली, मिली तेच ठेवले, की घात. दुसरी ओळ "त्यानंतर देऊ नये" ही. शेवटची तारीख नसली की बाटली कपाटात दिवाळीपर्यंत राहते आणि कोणीतरी सद्भावनेने ती पुढच्या खोकल्याला काढतं. तिसरी, डोस चुकल्यास काय करायचं. शिक्षक माणूस आहे, विसरतो. विसरल्याचं आठवलं की घाबरून दोन डोस एकदम देण्याचा मोह होतो. कागदावर लिहिलेलं असेल तर होत नाही.

टोपणाबद्दल पुन्हा सांगते, कारण माझं घोडं तिथेच अडलं होतं. औषधाच्या भाषेत लहान चमचा म्हणजे ५ मिली, मोठा म्हणजे १५. आपल्या मांडणीवरच्या चमच्यांना असलं कसलंच माप नसतं. टोपणावरची २.५ आणि ५ ची रेघ पुसट असेल तर पेनाने ठळक करून द्या. लहान मात्रेसाठी मेडिकलमध्ये बिनसुईची सिरिंज मागा, मिळते.

वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर "सर, आज सोहमला गोळी द्या" असा मेसेज टाकणं ही संमती नव्हे. एक तर तासाला शिकवताना फोन कोण बघतं? दुसरं म्हणजे सोहमला काय आजार आहे हे चाळीस घरांना कळतं. मुलाचं दुखणं ही त्याची खाजगी गोष्ट आहे. फिट येणाऱ्या मुलाला पोरं कसं चिडवतात ते मी पाहिलंय. मोठी माणसंही काही कमी नसतात.

बाटली कोणी द्यायची, कोणी ठेवायची

औषध मोठ्या माणसाने मोठ्या माणसाच्या हातात द्यावं. दप्तरातून पाठवू नये. गोड सिरप मुलं मधल्या सुट्टीत वाटून पितात. हसू नका, प्यायलेली आहेत.

औषध मूळ बाटलीत किंवा पाकिटातच हवं. खेड्यातले बरेच डॉक्टर कागदी पुडीत सुट्या गोळ्या देतात, दोन पांढऱ्या, एक पिवळी. तशी पुडी शाळेने घेऊ नये आणि घेतली नाही म्हणून तुम्ही रागावू नये. डॉक्टरांना सांगा, शाळेत द्यायचंय, चिठ्ठीवर नाव लिहून द्या. ते देतात.

काही अँटिबायोटिक पूड असतात, उकळून गार केलेलं पाणी घालून त्यांचं सिरप करायचं. ते सात दिवसच टिकतं, काहींना फ्रीजच लागतो. शाळेत फ्रीज कुठला? असलं औषध घरीच ठेवा आणि वेळ घरची जमवा.

काढे, भस्मं, शेजारणीने सांगितलेली मुळी, अंगारा यांतलं काहीही शाळेला देऊ नका. तुमचा विश्वास असेल, घरी द्या. खोकल्याच्या सिरपबाबत तर २०२५ च्या ऑक्टोबरपासून मी जास्तच कडक झाले. मध्य प्रदेशात छिंदवाड्याची मुलं दूषित खोकल्याच्या औषधाने गेली, ते आठवलं की अजून पोटात कालवतं. पाच वर्षांखालच्या मुलांना ही औषधं सहसा देऊच नयेत असं केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने तेव्हा पुन्हा बजावलं. बालवाडीच्या पोराला खोकल्याचं सिरप शाळेत पाजा, अशी विनंती करूच नका.

उलट बाजूही सांगते. शिक्षकांनी स्वतःच्या पर्समधली डोकेदुखीची गोळी मुलाला देऊ नये. पोट दुखतंय म्हणून सरांच्या खिशातली गोळी, हा प्रकार मी बघितला आहे आणि केलाही आहे. पालकांनी पहिल्याच सभेत विचारावं, प्रथमोपचार पेटीत काय आहे आणि त्यातलं काय न विचारता दिलं जातं. मलमपट्टी, जखम धुणं, ओआरएसचं पाणी याला कोणाची हरकत नसते. पोटात जाणारी गोळी असेल तर आधी फोन.

औषध दिलं की वहीत नोंद व्हावी: तारीख, वेळ, किती दिलं, कोणी दिलं. शाळेकडे अशी वही नसेल तर तुम्हीच दहा रुपयांची वही आणून द्या. मी तसंच केलं होतं, फक्त पैसे माझे गेले.

आणि शिक्षक नाहीच म्हणाले तर? म्हणू शकतात. दोन शिक्षकी शाळेत चार वर्ग सांभाळणाऱ्या बाईंना रोज दीडच्या ठोक्याला टोपण मोजायला लावणं सोपं नाही. अशा वेळी वाद घालू नका. मुख्याध्यापकांना भेटा, दुसरं कोणी तयार आहे का विचारा. गावातच घर असेल तर मधल्या सुट्टीत आजीने येऊन औषध देण्याची परवानगी मागा. तरीही अडलं तर शाळा व्यवस्थापन समितीत विषय मांडा. इंजेक्शनसाठी मात्र शिक्षकाला कधीही गळ घालू नये.

दमा, फिट, साखर

चार दिवसांच्या खोकल्याची कथा वेगळी. कायमचा आजार असला की एका अर्जावर भागत नाही, तिथे वर्षाच्या सुरुवातीला शिक्षकांबरोबर पंधरा मिनिटं बसावं लागतं. चिठ्ठी देणारे डॉक्टर मिरजेचे असोत, कराडचे असोत की गावातले, त्यांच्याकडून "झटका आला तर शाळेने काय करायचं" हे मराठीत, चार ओळींत लिहून घ्या.

दम्याच्या मुलाचा झटपट आराम देणारा पंप, म्हणजे साल्ब्युटामॉलचा, मुलाच्या हाताशी हवा. ऑफिसच्या कपाटात ठेवून किल्ली शिपाईमामांकडे, आणि मामा पोस्टात, असं झालं तर त्या पंपाचा काय उपयोग? मूल मोठं असेल तर त्याने तो दप्तरातच ठेवावा आणि तशी परवानगी अर्जात लिहून घ्यावी. लहान असेल तर पंप आणि स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची नळी, वर्गात, बाईंच्या टेबलावर. पंपातही डोस मोजके असतात. सुरू केल्याची तारीख त्यावर चिकटवा, नाहीतर नेमका रिकामा पंप हाती येतो. आपल्या भागात ऊस तुटून गेला की फडात पाचट पेटवतात. हंगामात शाळेभोवती तो धूर आणि वर्गात खडूची भुकटी. या महिन्यांत शिक्षकांना मुद्दाम आठवण करून द्या.

फिट येणाऱ्या मुलाच्या बाबतीत औषधाइतकंच गावच्या समजुतींशी लढावं लागतं. कांदा हुंगवायचा नाही, चप्पल तर मुळीच नाही. दातखीळ उघडायला चमचा घालायचा नाही, पाणी पाजायचं नाही. मुलाला कुशीवर वळवायचं, आजूबाजूचं दप्तर-बाक बाजूला करायचं, गळ्याचं बटण सैल करायचं आणि घड्याळ बघायचं. बहुतेक फिट दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात. पाच मिनिटं झाली तर १०८. काही मुलांना डॉक्टर नाकात मारायचा मिडाझोलामचा स्प्रे देतात. तो शाळेत ठेवायचा असेल तर किती फवारे, किती मिनिटांनंतर, हे चिठ्ठीत स्पष्ट हवं आणि निदान दोन शिक्षकांनी तो कसा मारायचा ते डॉक्टरांकडून किंवा नर्सताईंकडून शिकून घेतलेलं हवं. रोजच्या फिटच्या गोळ्यांचा डोस शाळेत पडू नये असं बघा. त्या चुकवून चालत नाहीत.

टाइप १ मधुमेहाच्या मुलाला इन्सुलिनइतकीच साखर जवळ लागते. अंग थरथरणं, घाम, चिडचिड, डोळ्यांपुढे अंधारी, ही साखर उतरल्याची लक्षणं. शुद्धीवर असेल तर तीन लहान चमचे साखर पाण्यात ढवळून लगेच पाजायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, १०८. हे मूल तासाला डबा उघडून खात असेल तर ते शिस्त मोडत नाही, ते जीव सांभाळतंय. सीबीएसईने २०१७ पासून अशा मुलांना बोर्डाच्या परीक्षेतही खाऊ आणि साखरेच्या गोळ्या जवळ ठेवू दिल्या आहेत, मग तिसरीच्या घटक चाचणीला कसली अडचण? इन्सुलिनची न उघडलेली बाटली २ ते ८ अंशांत, फ्रीजमध्ये, पण बर्फाच्या कप्प्यात नाही. वापरातली चाळीस अंशांच्या मे महिन्यात ओल्या मातीच्या भांड्यात, बंद डबीत ठेवतात, आणि ते चांगलं चालतं. इंजेक्शन मूल स्वतः घेत असेल तर त्याला आडोसा आणि एक मोठं माणूस सोबत हवं. स्वतः घेत नसेल तर घरचं कोणीतरी येणं आलं.

सरकारी गोळ्यांचं वेगळं आहे

आतापर्यंतचं सगळं तुम्ही शाळेला दिलेल्या औषधाबद्दल. काही औषधं मात्र शाळाच मुलांना देते. सातारा-सांगलीत नव्याने आलेल्या पालकांचा इथे गोंधळ होतो.

जंतनाशक दिन वर्षातून दोनदा, १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टच्या सुमारास. गोळी अल्बेंडाझोल, ४०० मिलिग्रॅम, १ ते १९ वयासाठी, दोन वर्षांखाली अर्धी. ती चावून खायची, गिळायची नाही. त्या दिवशी मूल आजारी असेल तर गोळी देत नाहीत, काही दिवसांनी पुन्हा एक दिवस ठेवलेला असतो. पोटात जंत जास्त असतील तर थोडी मळमळ, पोटदुखी होते आणि जाते.

लोहाच्या गोळ्या आठवड्यातून एकदा, साधारणपणे सोमवारी, जेवणानंतर. पाच ते नऊ वयाला गुलाबी, दहा ते एकोणीसला निळी. शी काळी होते, घाबरू नका. गोळीनंतर तासभर चहा नको, कारण चहाने लोह अंगी लागत नाही. उपाशीपोटी घेतली की ढवळतं, म्हणून पोषण आहार झाल्यावरच देतात.

या कार्यक्रमांसाठी शाळा प्रत्येकाकडून सही घेईलच असं नाही. सूचना फळ्यावर येते, मुलं डायरीत लिहितात किंवा लिहीत नाहीत. म्हणून मूल थॅलेसेमियाचं असेल किंवा त्याला वरचेवर रक्त द्यावं लागत असेल, तर लोहाची गोळी देऊ नये हे डॉक्टरांच्या चिठ्ठीसह जूनमध्येच लेखी द्या. फिट येणाऱ्या मुलाला जंताची गोळी द्यावी का, हे आधी डॉक्टरांना विचारून ठेवा. नुकतीच घरी जंताची गोळी दिली असेल तर तेही कळवा. आणि तसं काही कारण नसेल तर या गोळ्या घेऊ द्याव्यात असं माझं मत आहे. आमच्या वर्गातल्या फिकट पडलेल्या मुली मी पाहिल्या आहेत.

लसीचा विषय निराळा. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये आपल्याकडे गोवर-रुबेलाची मोहीम शाळाशाळांतून झाली तेव्हा पालकांच्या मनात शंका होत्या आणि आम्हाला उत्तरं देता देता नाकी नऊ आले. दिल्लीत तर प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. पालकांना नीट माहिती द्या आणि त्यांची स्पष्ट संमती घ्या, गृहीत धरू नका, असं न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये सांगितलं. धनुर्वात-घटसर्पाची लस दहाव्या आणि सोळाव्या वर्षी असते. शाळेत देणार असतील तर चिठ्ठी घरी येते, ती वाचून सही करा. नको असेल तर "नको" असं लिहून सही करा. कोरी परत पाठवली की आम्हाला काहीच कळत नाही.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची गाडी शाळेत वर्षातून एकदा येते, डॉक्टर मुलं तपासतात. तपासणी म्हणजे उपचार नव्हे. काही आढळलं तर पुढे पाठवतात, आणि शस्त्रक्रिया करायची झाली तर संमती पुन्हा वेगळी, तिथल्या डॉक्टरांसमोर.

जीवावरचं संकट

साप चावला, मूल बेशुद्ध पडलं, घशात काही अडकलं, तर कोणाच्याही सहीची वाट बघायची नाही. आधी १०८, मग घरी फोन. पालकांशी संपर्क होत नसताना मुलाच्या भल्यासाठी प्रामाणिकपणे केलेल्या कृतीला भारतीय न्याय संहितेच्या कलम ३० चं संरक्षण आहे. जखमीला आधी उपचार, बाकी सोपस्कार नंतर, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच डॉक्टरांना सांगून ठेवलं. तरी शिक्षकांना धास्ती वाटते. म्हणून अर्जात एक ओळ घाला: "तातडीच्या वेळी जवळच्या दवाखान्यात न्यावे, माझी संमती आहे." ही ओळ कायद्यापेक्षा शिक्षकांच्या मनाच्या आधारासाठी असते.

पाचगणीच्या किंवा इतर निवासी शाळेत मूल ठेवणाऱ्यांना याहून पुढचं बघावं लागतं. तिथे वर्षभराची सरसकट संमती मागतात. सही करण्याआधी वाचा: साध्या तापाला औषध, दवाखान्यात भरती आणि भूल देऊन शस्त्रक्रिया ही तीन वेगवेगळी कलमं आहेत का? पहिल्या दोन्हीला हो म्हणा, तिसऱ्याला "फोनवर विचारून, तातडी असेल तर न विचारता" असं लिहा. पावसाळ्यात पसरणीचा घाट दाट धुक्यात असतो, फोन लागत नाही, तुम्ही पुण्या-मुंबईहून पोचेपर्यंत रात्र होते. वाई किंवा साताऱ्यातलं कोणी ओळखीचं असेल तर स्थानिक पालक म्हणून त्यांचं नाव द्या, पण आधी त्यांना विचारून.

औषध परत आणा

कोर्स संपला त्या दिवशी उरलेली बाटली घेऊन या. दिवाळीच्या सुट्टीआधी आणि मे महिन्याच्या सुट्टीआधी मी कपाट रिकामं करून बघत असे. एकदा सात बाटल्या निघाल्या, चारांवर नावच नव्हतं. एकीच्या तळाशी मुंग्या होत्या.

कायमच्या आजाराचा अर्जही दरवर्षी नवा करा. जून ते जून मुलाचं वजन दोन-तीन किलोंनी वाढतं, मात्रा बदलते, इयत्ता बदलते, बाईही बदलतात. जुन्या अर्जावर नुसती तारीख खोडून देऊ नका. चौथीतून पाचवीला दुसऱ्या शाळेत जाताना दाखल्याबरोबर हा कागद आपोआप जात नाही, तो तुम्हालाच नेऊन द्यावा लागतो.